भोंगेसाहेबांच्या भुवया

आमच्या घरी चपलांच्या कपाटात एक डबा राहतो. वरच्या कप्प्यात चपला, मधल्या कप्प्यात छत्र्या आणि खालच्या कप्प्यात हा. काळा, बुटाच्या खोक्याएवढा, एक हिरवा दिवा लुकलुकवत दिवसभर हळू आवाजात गुरगुरणारा. आमच्या ह्यांच्या भाषेत तो होम सर्व्हर. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, कागद, आवाज, जे जे म्हणून हरवू शकतं त्या सगळ्याची एक नक्कल तो रोज स्वतःहून काढून ठेवतो. त्या नकलेचीही आणखी एक नक्कल नदीपलीकडे माझ्या नणंदेच्या घरी जाते. तिथेही चपलांचंच कपाट आहे. नणंदेला याची कल्पना आहे की नाही, कोण जाणे.

एवढं ऐकून वाटेल, हे कोणी मोठे संगणकतज्ज्ञ असतील. तसं काही नाही. हे कारखान्यांत आगीची कवायत घेतात. भोंगा वाजवायचा, शे-दोनशे माणसांना जिन्याने खाली उतरवायचं, मैदानात उभं करून डोकी मोजायची आणि मग 'तुमच्यापैकी निम्मे धुरात अडकलात' असं त्यांना शांतपणे सांगायचं, हे ह्यांचं पोटापाण्याचं काम. कामगारांनी ठेवलेलं भोंगेसाहेब हे नाव फिरत फिरत आमच्या घरापर्यंत आलं आणि मुक्कामाला राहिलं. आवाजही नावाला शोभेसा आहे. हे स्वयंपाकघरात मला हळूच काही विचारतात तेव्हा शेजारच्या बाई 'हो' म्हणतात.

धंदा माणसाच्या अंगात मुरतो. मी पडदे शिवते, त्यामुळे कोणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी खिडकीच्या झालरीवर जाते. ह्यांची दारावर जाते. नाटकाला गेलो की रंगमंचाकडे पाठ करून बाहेर पडायचे दरवाजे मोजतात. लग्नात दाराजवळची खुर्ची धरतात. घरात कोणाच्या चपला आत तोंड करून दिसल्या की फिरवून दाराकडे तोंड करून ठेवतात, पळायला सोयीचं म्हणून. आमचं लग्न झालं त्या आठवड्यात ह्यांनी मला हाताला धरून गच्चीवर नेलं. मला वाटलं चांदणं दाखवतायत. दाखवली ती मागच्या बाजूची लोखंडी शिडी.

ह्या सगळ्याचं मूळ एका रंगाच्या गोदामात आहे. ऐन विशीत हे तिथे कामाला होते. एकदा लहानशी आग लागली. मागचं दार बंद होतं आणि त्याची चावी मुकादमाच्या खिशात होती. सगळे खिडकीतून बाहेर आले, कोणाला काही झालं नाही, ह्यांची फक्त मिशी जळाली. मिशी यथावकाश पुन्हा आली, पण ती गोष्ट डोक्यातून गेली नाही. अजून सांगतात, "दार होतं, कुलूप होतं, चावीही होती. फक्त चावीवाला चहाला गेला होता."

माझे सासरे गेल्यावर हे त्या डब्याच्या नादी लागले. कुठल्या कुठल्या कारखान्यातल्या संगणकवाल्या मुलांना गाठून, त्यांचं डोकं खाऊन, वर्षभर खटपट करून एकदाचा तो उभा केला. आणि मग एका रविवारी चहा पिता पिता एकदम थबकले. कप हातातच राहिला. मी विचारलं, "काय झालं?"

"अगं, ह्या डब्याची चावी माझ्या एकट्याच्या खिशात आहे," हे म्हणाले. "आणि मला चहा फार आवडतो."

तेव्हापासून आमच्या घरात कवायत सुरू झाली.

आधी त्यांनी डबा आम्हाला कळेल असा केला. चिमणीचा, म्हणजे आमच्या लेकीचा, जुना टॅब्लेट चपलांच्या कपाटाशेजारी भिंतीवर ठोकला. ही चिमणी आता कॉलेजात जाते, उंचीने माझ्या वर गेली आहे, पण नाव काही मोठं झालं नाही. टॅब्लेटवर अक्षरं कमी आणि चित्रं मोठी. फोटोची चौकट म्हणजे फोटो, घडी घातलेला कागद म्हणजे कागदपत्रं, कान म्हणजे आवाज. शेजारी सूचनांचा एक तक्ता लावला, कारखान्यात असतो तसा. त्यावर बाण होते आणि एका लाल ठिपक्याखाली लिहिलं होतं, 'तुम्ही इथे आहात'. चपलांच्या कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाला हे वेगळं कशाला सांगावं लागतं, असं मी विचारलं. "घाबरलेल्या माणसाला तेवढंच कळत नाही," असं उत्तर मिळालं. तेव्हा मी नाक मुरडलं होतं.

मग वर्षातून तीन-चार रविवार दुपारी भोंगा वाजे. खराखुरा, हातात धरायचा. शेजारी आधी धावत यायचे, नंतर नंतर दार लावून घ्यायला लागले. मी, चिमणी आणि सासूबाई, आम्ही तिघी पॅसेजमध्ये जमायचो. हे टॅब्लेटच्या बाजूला स्टुलावर बसायचे, हाताची घडी घालायचे आणि म्हणायचे, "समजा, मी नाही."

मग हुकूम सुटायचा. कधी 'चिमणीचा फोन जळाला, तिचा शाळेच्या नाटकातला झाड झालेला फोटो परत आणा'. कधी 'घराचा कागद हरवला'. ह्यानंतर हे ओठ घट्ट मिटून घ्यायचे, कारण जो नाही तो बोलणार कसा. मी आणि चिमणी टॅब्लेटवर बोटं चालवायचो.

सासूबाईंना डोळ्यांनी आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. त्यामुळे कवायतीत त्यांना जखमीचं काम असायचं. पॅसेजमधल्या आरामखुर्चीत त्या बसायच्या आणि सुरुवातीलाच विचारून घ्यायच्या, "आज मी कशाने जखमी?"

"धुराने."

"मागच्या वेळी पाय होता."

"तो बरा झाला, आई."

कवायत आम्ही दरवेळी पार पाडायचो. फोटो यायचा, कागद यायचा, हे खूश व्हायचे. मलाही वाटायचं, चला, आपल्याला येतं म्हणायचं. मग हे समालोचन करायला उठायचे. कारखान्यातली सवय, कवायत दहा मिनिटांची आणि भाषण तासाचं. पहिल्या दोन वाक्यांत चिमणी सटकायची आणि तिसऱ्या वाक्याला मी चहाचं आधण ठेवायला. सासूबाई मात्र बसून राहायच्या. एक तर त्या जखमी, आणि दुसरं म्हणजे त्या खुर्चीतून उठायला त्यांना वेळ लागतो.

आता त्यांच्या पेपराबद्दल सांगायला हवं.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. उभा जन्म दुसऱ्याच्या चुका काढण्यात गेला आणि तो त्यांनी फार आनंदात घालवला. सासूबाईंची नजर मंदावली तसे ते रोज दुपारी त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायला लागले. नुसता वाचत नसत. मध्येच चूक सापडली की "गाढव लेकाचे" म्हणून दुरुस्त करायचे, पुढाऱ्याचं भाषण आलं की खोकला काढायचे, हवामानाच्या अंदाजावर पैज लावायचे. शेवटच्या वर्षी ह्यांनी रोज टेबलावर सासूबाईंचा फोन ठेवून ते सगळं टिपून घेतलं. अण्णांना माहीत होतं. ते मधूनच फोनकडे वळून म्हणायचे, "लिहून घ्या."

ते अख्खं वर्ष सासूबाईंच्या फोनमध्ये आहे. फोन साधा, त्याच्या सुरू करायच्या बटणावर मी एक शिवणीचं बटण चिकटवून दिलं आहे, हाताला लागावं म्हणून. रोज दुपारी जेवण झालं की त्या आरामखुर्चीत बसतात, कानात इअरफोनची बोंडं घालतात आणि त्या तारखेचा पेपर ऐकतात. वर्ष संपलं की पुन्हा पहिल्यापासून. बातम्या इतक्या मनापासून ऐकतात की एकदा "उद्या पाणी नाही म्हणे" असं त्यांनी सहज सांगितलं आणि मी घरातली सगळी भांडी भरून ठेवली. अण्णांच्या त्या वर्षातलं पाणी गेलं होतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सर्कशीतलं माकड पळालं होतं. अण्णा पहिल्या दिवसापासून माकडाच्या बाजूने. त्यामुळे आमच्या घरी दरवर्षी त्या सुमाराला माकड पळतं. चिमणीने एकदा विचारलं, "आजी, शेवटी सापडतं का ते?" सासूबाई म्हणाल्या, "पेपरात येईल तेव्हा कळेल." त्यांना सगळं पाठ आहे. सांगत मात्र नाहीत.

यंदा माकड नुकतंच पळालं होतं, आणि भोंगेसाहेब समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कवायत घ्यायला गेले. तिथे जाणाऱ्यांचे फोन किनाऱ्यावरच काढून घेतात. ठिणगीची भीती. अगदीच जिवावर बेतलं तर निरोप द्यायला एक नंबर असतो, बाकी पंधरवडाभर माणूस आपला नाही. जाताना हे डब्याकडे बघत म्हणाले, "काळजी नाही. तुम्हाला सगळं येतं." मी मान डोलावली.

हे गेले आणि दोन-तीन दिवसांत सासूबाईंचा फोन कपडे धुवायच्या यंत्रात गेला. त्यांच्याच गाऊनच्या खिशात होता. गाऊन त्यांनी स्वतः टाकला, यंत्र चिमणीने लावलं आणि आत काहीतरी खडखडतंय हे मी ऐकलं, पण मला वाटलं बटणं असतील. फोन निघाला तेव्हा स्वच्छ झाला होता. दुरुस्तीवाल्याने तो कानाशी धरून हलवला, आतलं पाणी ऐकलं आणि हात जोडले.

चिमणी म्हणाली, "त्यात काय, नवा घेऊ, डब्यातून सगळं परत येईल." संध्याकाळी तिने तस्साच नवा फोन आणला, त्याला 'आजीचा फोन' हे जुनंच नाव दिलं आणि घरच्या डब्याशी त्याची गाठ घालून दिली. मी त्यावर शिवणीचं बटण चिकटवलं. सकाळी उठून बघतो तर फोन रिकामा.

"येईल हळूहळू," चिमणी म्हणाली.

दुपारी जेवण झालं. सासूबाई सवयीने खुर्चीत जाऊन बसल्या आणि त्यांनी बोंडं कानात घातली. वायरीचं दुसरं टोक मांडीवर लोंबत होतं. मी म्हटलं, "आई, ते जोडलेलं नाही कशाला."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "असू दे. ह्या वेळी कानात काहीतरी असलं की बरं वाटतं."

मी सरळ उठून टॅब्लेटपाशी गेले. चिमणीला हाक मारली. म्हटलं, इतक्या कवायती काय उगाच केल्या? कानाचं चित्र दाबलं. 'आजीचा फोन' दाबलं. आत लिहून आलं, 'काही नाही'.

मी बाहेर आले, पुन्हा आत गेले. काही नाही. डोळे फुटले की काय म्हणून चिमणीने बघितलं. काही नाही. "आई," ती कुजबुजली, "मी नव्या फोनला जुनं नाव दिलं ना. डब्याला वाटलं तोच फोन आहे. त्याने रिकाम्या फोनची नक्कल काढली. आजोबांच्या जागी."

अण्णांचा आवाज जगात दोनच ठिकाणी होता. एक आम्ही धुतला होता आणि दुसरा आमच्याच हाताने पुसला होता. नणंदेच्या कपाटाचं आठवून क्षणभर जीव भांड्यात पडला, पण तिथे जाते ती ह्याच नकलेची नक्कल. सासूबाईंचा नवरा एकदा गेला होता, तो आता आमच्यामुळे दुसऱ्यांदा गेला, असंच मला वाटलं. तेही माकड सापडायच्या आत.

मी तक्त्याकडे वळले. 'तुम्ही इथे आहात.' त्या क्षणी मला ते वाचून खरोखर धीर आला, हे कबूल करते. पुढचा बाण म्हणत होता, खालचं हिरवं बटण दाबा. टॅब्लेटवर हिरवं बटण नव्हतं. मागच्या कवायतीनंतर ह्यांनी आम्हाला आणखी सोपं जावं म्हणून चित्रं बदलली होती आणि तक्ता बदलायचा राहिला होता. सोप्यापुढे आणखी सोपं करायला गेलं की असंच होतं.

मग दिसेल ते दाबायला सुरुवात केली. एका ठिकाणी टॅब्लेटने विचारलं, 'कायमचं काढून टाकायचं का?' चिमणीचं बोट 'हो'कडे निघालं होतं, मी तिच्या हातावर फटका मारला.

"मागच्या वेळी आपण काय केलं होतं?" ती रडवेली होऊन म्हणाली. "इथून पुढे कुठे गेलो होतो?"

"अगं, दरवेळी तर..." असं म्हणत मी सवयीने उजवीकडे बघितलं. तिथे स्टूल होतं. स्टूल रिकामं होतं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या ह्यांच्या भुवया दाट आहेत, दाराच्या पायपुसण्यासारख्या. कवायतीत हे ओठ मिटून बसायचे, पण भुवया कोण मिटणार? माझं बोट चुकीच्या चित्राकडे गेलं की डावी भुवई वर. आणखी पुढे गेलं की दोन्ही वर. योग्य जागी आलं की दोन्ही खाली येऊन निवांत. मी इतकी वर्षं डबा चालवायला शिकलेच नव्हते. मी नवऱ्याच्या भुवया वाचायला शिकले होते, आणि त्यात मी पटाईत आहे.

"तूही?" मी चिमणीला विचारलं.

"मी तुझ्याकडे बघायचे," ती म्हणाली. "तू बाबांकडे बघायचीस."

आणीबाणीच्या नंबरावर फोन लावावा असं एकदा मनात आलं. पण समुद्रात निरोप काय देणार? माकड सापडत नाही?

आम्ही दोघी एवढ्या वेळ कुजबुजत होतो, पण सासूबाईंचे डोळे गेलेत, कान नाही. खुर्चीतून आवाज आला, "सगळं गेलं का?"

मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "रिकामं दिसतंय, आई."

त्यांनी हाताने बोंडांची वायर गुंडाळली. मग म्हणाल्या, "तुम्ही आजच्या दिवसात शोधताय का?"

"म्हणजे?"

सासूबाईंनी घसा खाकरला आणि चक्क ह्यांच्या आवाजात सुरू केलं, तो भोंगा, तो मधला श्वास, सगळं हुबेहूब. "'डब्याला आजचं काही विचारू नका. आज तर आग लागली आहे. आज जे दिसेल ते जळकंच असेल. आगीच्या आदल्या दिवसावर जा.' दरवेळी सांगतो तो."

"कधी सांगतो?"

"तुम्ही चहाला गेलात की," सासूबाई म्हणाल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चावी घरातच होती आणि चहाला गेलो होतो आम्ही. मी आरामखुर्ची तशीच ओढत टॅब्लेटपाशी आणली, सासूबाईंसकट.

"घड्याळाचं चित्र आहे ना?" त्यांनी विचारलं. ते कोपऱ्यात होतं. आम्हाला वाटायचं ते वेळ बघायला आहे. "त्यावर नुसतं टिचकी मारून चालत नाही. बोट ठेवून दाबून धरायचं. मनात एक ते चार म्हणायचं, पण जिना उतरताना म्हणतात तसं, घाई न करता."

मी बोट ठेवलं. एक. दोन. तीन. चाराला घड्याळ गर्रकन फिरलं आणि महिन्याचं कॅलेंडर उघडलं.

"आता यंत्र लावलं त्याच्या आदल्या दिवसावर बोट ठेव. पडदा पिवळा झाला का?"

झाला होता. सगळा पिवळाजर्द.

"मग घाबरू नकोस. पिवळा झाला म्हणजे तू मागच्या दिवसात आहेस. तिथून फक्त आणता येतं, पुसता काहीच येत नाही. कितीही दाब." आयुष्यात ज्यांनी तो पिवळा रंग कधी बघितला नव्हता त्या बाई मला हे सांगत होत्या. "आता कान. मग मी. मग 'परत आणा'."

कान दाबला. 'आजीचा फोन' दाबला. आणि अण्णांचं वर्ष उभंच्या उभं उलगडलं, तारखेमागून तारीख, संपतच नव्हतं. चिमणी मटकन चपलांच्या कपाटाला टेकून बसली आणि रडायला लागली. मी रडले नाही. मी आधी 'परत आणा' दाबलं आणि मग रडले.

फोनमध्ये सगळं उतरायला बराच वेळ लागला. एक लहानसं चाक फिरत होतं आणि आम्ही तिघी त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो. ते थांबलं तशी मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी बटण चाचपलं आणि बोंडं न जोडताच दाबलं, आम्हालाही ऐकू यावं म्हणून. अण्णांचा खोकला आला. मग पानं सळसळल्याचा आवाज. "हं," अण्णा म्हणाले, "माकड काल एका दंतवैद्याच्या गच्चीवर दिसलं. बातमी दोन ओळींची, चुका तीन. गाढव लेकाचे."

सासूबाई खुदकन हसल्या. त्यांनी पाय लांब केले आणि पुढचं ऐकायला लागल्या.

भोंगेसाहेब परतले ते वार्ता ऐकून आनंदाने फुगलेच. "बघितलंस? म्हणून कवायत घ्यायची असते." मी त्यांना पोटभर फुगू दिलं आणि मग भुवयांचं सांगितलं. आधी त्यांना पटेना. आरशासमोर गेले. मी मागून म्हटलं, "समजा, मी आता चुकीचं चित्र दाबतेय." डावी भुवई सरसर वर गेली. त्यांनी ती बोटाने खाली दाबली. सोडली, तर पुन्हा वर.

दोन दिवस माणूस जेवायला बसून भलतीकडेच बघत होता. "म्हणजे कारखान्यांतही..." असं अर्धवट म्हणायचा आणि थांबायचा. अख्ख्या हयातीत किती लोक ह्यांच्या भुवया बघत जिने उतरले असतील, हा हिशेब डोक्यात चालला होता. मला हसू येत होतं आणि कीवही येत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता काढला आणि सासूबाईंसमोर बसून त्या सांगतील तसा नव्याने लिहिला. लाल ठिपका मात्र ठेवायला मीच सांगितला.

आणि येत्या रविवारची कवायत ठरली. ह्या वेळी प्रमुख सासूबाई. जखमी भोंगेसाहेब. आरामखुर्चीत ह्यांना बसवलं आणि तोंडावर मोठा टॉवेल घातला, भुवयांसकट. टॉवेलखालून आवाज आला, "मी कशाने जखमी?"

"तू गप्प," सासूबाई म्हणाल्या. "तू नाहीस."

एक गोष्ट आता सांगूनच टाकते. मला ते वाक्य पहिल्यापासून आवडत नाही. 'समजा, मी नाही.' दर कवायतीला हे ते इतक्या सहज म्हणायचे. मी कसं समजू? मी ह्यांच्या भुवयांकडे बघायचे, कारण त्या हलत होत्या तोवर हे होते. शिकायचं मनातच नव्हतं माझ्या. शिकले तर ह्यांच्यावाचून अडणार नाही, आणि अडू नये असं मला कधी वाटलंच नाही.

सासूबाईंनी हुकूम सोडला, "माकड सापडलं त्या दिवसाचा पेपर आणा. तारीख मी सांगते." चिमणीला त्यांनी लांब उभं केलं होतं. मी एकटीच टॅब्लेटसमोर. घड्याळावर बोट ठेवलं, जिना उतरल्यासारखे चार आकडे म्हटले, कॅलेंडर उघडलं. मध्ये एकदा मान आपोआप उजवीकडे वळली. तिथे टॉवेल होता. मी पुन्हा समोर बघितलं. पडदा पिवळा झाला. कान. आजीचा फोन. ती तारीख.

पॅसेजभर अण्णांचा आवाज घुमला. माकड शेवटी नगरपालिकेच्या कचेरीत सापडलं होतं, मोठ्या साहेबांच्या खुर्चीत, पंख्याखाली बसलेलं. "काम करत होतं का," अण्णा म्हणाले, "ते ह्यांनी लिहिलेलं नाही. लिहून घ्या." चिमणी इतकी हसली की तिला ठसका लागला. अण्णा पुढची बातमी वाचायला लागले, कुठल्याशा पुलाची.

"झालं," मी म्हटलं. "अहो, झालं. आलं मला."

टॉवेल बोलेना. मला वाटलं, नियम पाळतायत. मी जवळ जाऊन टॉवेल उचलला. भोंगेसाहेब गाढ झोपले होते. तोंड उघडं, भुवया दोन्ही खाली, निवांत.

सासूबाईंनी त्या श्वासाचा आवाज ओळखला. "लहानपणी असाच झोपायचा," त्या म्हणाल्या. "ह्यांनी पेपर धरला की दोन बातम्यांत आडवा. उठवू नकोस."

मी आजवर ह्यांना दाराकडे पाठ करून झोपलेलं बघितलं नव्हतं. खुर्चीखाली चपला होत्या, नेहमीप्रमाणे दाराकडे तोंड करून, पळायच्या तयारीत. मी खाली वाकले आणि त्या फिरवून आत तोंड करून ठेवल्या.